सडकेलगतची माती

पावसाळ्यापूर्वीं शहराच्या हद्दींतील सडकेकडेचीं गटारें उपसण्याचें काम दरवर्षीं निघतें. त्यांतून निघालेला काळा, मऊ व किंचित् तेलकट गाळ कोठें टाकावा हा ठेकेदारापुढील मोठा प्रश्न असतो, आणि तो बहुधा आम्हां शेतकऱ्यांच्या हौसेमुळेंच सुटतो. गाळ म्हटला कीं कुणब्याच्या डोळ्यांपुढें तळ्याचा गाळ उभा राहतो. तळ्याच्या गाळानें मुरमाड माळाचा मळा झालेला आपण सर्वांनीं पाहिला आहे. तेव्हां फुकट मिळणारा गाळ, तोहि बांधापर्यंत आणून टाकलेला, कोण नाकारील? आम्हींहि नाकारला नाहीं. सहा वर्षांपूर्वीं अशा गाळाच्या चार ट्रॉल्या आम्हीं सडकेलगतच्या आमच्या पांच गुंठ्यांच्या भाजीच्या तुकड्यांत पसरल्या, आणि त्या हिवाळ्यांत मेथी इतकी तरारून आली कीं शेजाऱ्यांनीं वाट वांकडी करून ती पाहिली.

त्या गाळाविषयीं व त्या तुकड्याविषयीं आज लिहावयाचें आहे. आम्ही रसायनशास्त्री नव्हे. आमचें शिक्षण मराठी शाळेचें, आणि उमेदीचीं सर्व वर्षें महसुली कचेरींत कारकुनी करण्यांत गेलेलीं. परंतु ज्यानें जन्मभर जमिनीचे कागद हाताळले त्यास जमिनीविषयीं दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा असें आम्ही समजतों. आणि चूक स्वतःच्याच शेतांत झाली असतां ती सांगण्यास तर कोणाची परवानगी लागूं नये.

गाळ पसरल्यानंतर दुसऱ्या वर्षीं आम्हीं त्या तुकड्यांतील माती तपासावयास पाठविली. 2015 सालच्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली हें वाचकांस ठाऊक आहेच. तींत मातीच्या बारा गोष्टी पाहतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबें, मंगल, बोरॉन, आणि शिवाय सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. आमच्या पत्रिकेंत जस्तासमोर ‘पुरेसें’ असा शेरा आला. आपल्या भागांतील जमिनींत जस्ताची उणीव हें नेहमींचें रडगाणें; त्यामुळें त्या एका शब्दानें आम्ही हुरळून गेलों व झिंक सल्फेटचे पैसे वांचले म्हणून घरांत सांगितलेंहि. पुढें कृषि महाविद्यालयांत माती शिकविणारा आमचा एक परिचित घरीं आला असतां तो कागद त्यास मोठ्या कौतुकानें दाखविला. आंतील शेताची पत्रिका त्यानें मागून घेतली. तेथें जस्त ‘कमी’ होतें. तो म्हणाला, “काका, एकाच गटांत हा फरक कां? हें जस्त बहुतकरून टायरचें आहे. आणि टायरबरोबर दुसरें काय काय आलें असेल तें ह्या कागदावर दिसावयाचें नाहीं, कारण त्याचा रकानाच नाहीं.”

रकाना नाहीं म्हणजे वस्तु नाहीं, ह्याच समजुतीवर आमची सारी नोकरी झाली. त्या दिवशीं मात्र हें वाक्य आम्हांस लागलें.

टायर आणि जस्त ह्यांचा संबंध असा आहे. कच्चें रबर गंधकाबरोबर तापवून घट्ट करितात, त्या वेळीं त्यांत जस्ताची पांढरी भुकटी घालावी लागते. टायरच्या झिजणाऱ्या भागांत ती शेंकडा 1 ते 2 पर्यंत असते. मोटारीचा एक टायर टाकून देईपर्यंत त्याचें एक-दीड किलो तरी रबर झिजलेलें असतें. तें नाहींसें होत नाहीं. बारीक काळी धूळ होऊन सडकेवर पडतें, वाऱ्यानें व चाकांच्या झपाट्यानें कडेस जातें, आणि पहिल्या पावसांत गटारांत उतरतें. जस्ताच्या धातुकांत कॅडमियम हा त्याचा भाऊबंद नेहमीं असतो, म्हणून जेथें जस्त जातें तेथें तोहि थोडाबहुत जातो. ब्रेकच्या गादींत तांबें व अँटिमनी असतात. उतारावर, वळणावर व सिग्नलजवळ जेथें गाडी वारंवार थांबते तेथें त्यांची भुकटी अधिक पडते. चाकांचा तोल साधण्यासाठीं रिमला शिशाचे तुकडे अडकवितात. ते उडून सडकेवर पडले कीं चाकांखालीं भरडले जातात. सडकेच्या कडेचे पत्र्याचे कठडेहि जस्ताचा मुलामा दिलेले असतात व पावसांत तो हळूहळू सुटतो. थोडक्यांत, धूर दिसतो म्हणून आपण धुराच्या नांवें बोटें मोडतों, आणि न दिसणारी ही भुकटी रात्रंदिवस पडत असते.

आतां शिशाविषयीं. हें प्रकरण जुनें असून तें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे. 1921 सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली ह्या यंत्रज्ञास असें आढळलें कीं पेट्रोलमध्यें शिशाचें एक संयुग मिसळल्यास इंजिनाचा खडखडाट थांबतो. 1923 पासून तसें पेट्रोल विकूं लागले. 1924 सालीं न्यू जर्सींत तें संयुग बनविणारे कांहीं कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. तरीहि धंदा थांबला नाहीं, आणि पुढें सुमारें पाऊणशें वर्षें जगांतील बहुतेक मोटारी शिसें जाळीत धांवल्या. आपल्या देशांत एके काळीं लिटरमागें अर्ध्या ग्रॅमहून अधिक शिसें पेट्रोलमध्यें असे. 1994 सालीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास ह्या चार शहरांत तें कमी केलें, 1 एप्रिल 1995 पासून त्याच शहरांत बिनशिशाचें पेट्रोल मिळूं लागलें, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून साऱ्या देशांत शिशाचें पेट्रोल बंद झालें. मोटारींसाठीं तें विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. त्यानें 2021 च्या जुलैंत तें थांबविलें. हें काम चांगलें झालें ह्यांत शंका नाहीं, आणि शहरांच्या हवेंतील शिसें त्यामुळें झपाट्यानें उतरलें.

परंतु हवा म्हणजे माती नव्हे. हवेंतील घाण वाऱ्याबरोबर जाते. मातींत उतरलेलें शिसें मातीच्या कणांस धरून राहतें व शेंकडों वर्षें वरच्या थरांत टिकतें. तें कुजत नाहीं, जळत नाहीं, उडून जात नाहीं. धूर 2000 सालीं बंद झाला, पण 1999 पर्यंत पडलेलें शिसें जुन्या सडकांच्या कडेस आहे तेथेंच आहे. आणि जोराच्या पावसांत तीच माती वाहून गटारांत येते व गाळ म्हणून आपल्या ट्रॉलींत चढते. येथें एक गोष्ट न्यायाची म्हणून सांगतों. शिसें केवळ पेट्रोलमध्यें घालीत, डीझेलमध्यें नव्हे. म्हणून ट्रक व ट्रॅक्टर ह्यांच्या माथीं शिशाचें पाप मारूं नये. त्यांच्या वांट्यास टायर व ब्रेक पुरेसे आहेत.

विजेच्या गाड्या आल्यावर हें सर्व संपेल असें पुष्कळांस वाटतें. त्यांचा धूर नाहीं हें खरें, आणि वेग कमी करतांना त्या ब्रेकचें बरेंच काम मोटरीकडून करून घेतात म्हणून ब्रेकची झीजहि कमी. पण बॅटरीच्या वजनानें त्या जड असतात व टायर त्यांचेहि झिजतात. कॅलिफोर्नियांत 2010 सालीं कायदा करून ब्रेकमधील तांबें टप्प्याटप्प्यानें उतरविण्याचें ठरलें: 2021 पासून शेंकडा 5 च्या आंत, 2025 पासून शेंकडा अर्ध्याच्या आंत. तेथें तो माशांच्या रक्षणासाठीं झाला. माशांसाठीं जें होऊं शकतें तें मेथी खाणाऱ्या माणसांसाठीं होण्यास हरकत नसावी.

हें विष किती दूर जातें असा प्रश्न कोणीहि समंजस शेतकरी प्रथम विचारील. सुदैवानें फार दूर जात नाहीं. सर्वांत अधिक भार सडकेच्या कडेच्या पहिल्या कांहीं मीटरांत असतो, पुढें तो झपाट्यानें उतरतो, आणि साधारण तीस ते पन्नास मीटरांपलीकडे माती बहुधा मूळपदावर येते. खोलीचेंहि तसेंच, न नांगरलेल्या जमिनींत तो वरच्या दोन-तीन बोटांत असतो. नांगर घातला कीं तो खालीं मिसळतो व पातळ होतो, पण जात नाहीं. म्हणजे ज्याची जमीन सडकेपासून शंभर पावलांवर आहे त्यानें ह्या लेखानें घाबरून जाण्याचें कारण नाहीं. मात्र गटाराच्या गाळानें तें अंतर एका दिवसांत पुसलें जातें. जें विष कडेस थांबलें असतें तें आपणच भाडें देऊन शेताच्या मध्यभागीं नेतों.

सरकारी दरपत्रकांत महामार्गावर तोंड असलेल्या जमिनीचा दर आंतल्या जमिनीहून चढा असतो. आम्हीं स्वतः असे दर शेंकडों दस्तांवर ताडून पाहिले आहेत. ज्या पट्ट्याची कागदोपत्रीं किंमत सर्वांत अधिक, तोच पट्टा पालेभाजीस सर्वांत वाईट, हें तेव्हां आमच्या ध्यानांत आलें नाहीं. सडक रुंद होते तेव्हां जाणाऱ्या जमिनीचा मोबदला मिळतो; 2013 च्या कायद्यांत उरलेल्या मिळकतीस संपादनामुळें पोहोंचणारी हानीहि धरण्याची सोय आहे. त्या कलमाखालीं विहीर तुटली, शेताचे दोन तुकडे झाले अशीं कारणें लिहिलेलीं आम्हीं पाहिलीं. चाकांची धूळ उरलेल्या शेतावर वर्षानुवर्षें पडेल, असें एकाहि पंचनाम्यांत आमच्या हातून लिहिलें गेलें नाहीं, आणि कोणा शेतकऱ्यानेंहि तें मागितलें नाहीं.

पिकांत हे धातु दोन वाटांनीं शिरतात. शिसें मुळांतून वर फारसें चढत नाहीं. तें पानांवर धूळ होऊन बसतें. कॅडमियम मात्र मुळांतून सहज वर जातें व पानांत साठतें. म्हणून पालक, मेथी, माठ, चुका ह्या भाज्यांस दोन्ही वाटा खुल्या. मुळा, गाजर, बटाटा ह्यांस माती चिकटते. टोमॅटो, वांगें, भेंडी, मका ह्यांच्या फळांत व दाण्यांत त्या मानानें पुष्कळच कमी उतरतें. आपल्या देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनी धातूंस घट्ट धरून ठेवितात, हें आपलें भाग्य. कोंकणांतील तांबडी आम्ल माती त्यांस सैल सोडते. तेथील बंधूंनीं अधिक सावध राहावें, व चुना आणि चांगलें कुजलेलें शेणखत ह्यांनीं जमिनीचा आम्लपणा मोडावा. परंतु जमीन कितीहि काळी असली तरी पानावर बसलेल्या धुळीस ती कांहींच करूं शकत नाहीं.

हडपसर, मांजरी, लोणी, उरळी ह्या पट्ट्यांतील भाजी पहांटे गुलटेकडीस जाते. आंतल्या मळ्यांविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु सडकेस लागून जे अरुंद तुकडे उरले आहेत त्यांत पालेभाजीच करितात, कारण ती महिन्यांत हातांत पैसा देते आणि शहर जवळ आहे. तेथें निंदणी करणाऱ्या बायका दिवसभर त्याच धुळींत बसतात, आणि त्यांचीं लेंकरें बांधावर मातींत खेळतात. मोठ्या माणसापेक्षां लहान मूल गिळलेल्या शिशांतील चौपट-पांचपट अंश अंगांत ओढून घेतें. तें हाडांत सांठतें आणि मुलाची बुद्धि व वाढ खुंटवितें. शिशाची निर्धोक अशी मात्रा माहीत नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2020 सालीं युनिसेफनें जो अहवाल काढला त्यांत जगांतील सुमारें 80 कोटी मुलांच्या रक्तांत काळजी करण्याइतकें शिसें असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांपैकीं 27 कोटींहून अधिक मुलें आपल्या देशांतील आहेत. हें सारें सडकेचें नव्हे. जुन्या बॅटऱ्या फोडणें, रंग, भांडीं, भेसळीचा मसाला हींहि कारणें त्यांत आहेत. परंतु जें एक दार आपल्या शेतांत उघडतें तें तरी आपल्या हातचें आहे.

येथें आम्हांस एका आक्षेपास उत्तर दिलें पाहिजे, कारण हा मजकूर वाचून दाखविला तेव्हां आमच्याच ओटीवर तो निघाला. “असलें छापूं नका,” एक वृद्ध बागाईतदार म्हणाले, “उद्यां शहरचे लोक आमच्या भाजीस हात लावणार नाहींत.” ही भीति खोटी नाहीं. नाशवंत माल, त्यावर अफवा उठली कीं एका बाजारांत घर बसतें. पण लपवून ठेविल्यानें अफवा अधिक पिकते. आज कोणीहि शहरांतला मनुष्य पैसे भरून एक जुडी तपासूं शकतो. त्यानें ती तपासण्यापूर्वीं आपण आपली माती तपासलेली बरी. शिवाय ती मेथी सर्वच्या सर्व विकली जात नाहीं. आमच्या त्या तुकड्यांतील मेथी आम्हीं चार हिवाळे घरींहि खाल्ली, आणि त्या वेळीं आमचा नातू दोन वर्षांचा होता. ह्याहून अधिक आम्ही येथें लिहूं इच्छीत नाहीं.

तपासणींत एक खांच आहे ती मात्र ध्यानांत ठेवावी. आपली जमीन काळ्या फत्तराची झीज आहे, व त्या फत्तरांत तांबें आणि जस्त मुळांतच बरेंच असतें. म्हणून आंकडा मोठा दिसला कीं सडकेस दोष देऊं नये. एकाच गटांतून दोन नमुने घ्यावे, एक सडकेच्या बांधालगतचा व एक दीडशें पावलें आंतला, दोन्ही सारख्याच खोलीचे, आणि दोन्हींत शिसें व कॅडमियम पाहावयास सांगावें. दोहोंतील अंतर हाच पुरावा. शिशाचा आंकडा मिळाल्यावर मापासाठीं एवढें सांगतां येईल कीं अमेरिकन सरकारनें मुलें खेळतात त्या मातीसाठीं असलेली किलोमागें 400 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा अपुरी मानून 2024 च्या जानेवारींत 200 हें मार्गदर्शक माप सुचविलें. भाजीपुरतें बोलावयाचें तर पालेभाजीच्या एका किलोंत शिसें 0.3 व कॅडमियम 0.2 मिलिग्रॅमवर जाऊं नये असा आंतरराष्ट्रीय अन्नसंहितेचा दंडक आहे.

ही तपासणी आज खासगी प्रयोगशाळेंत पदरचे पैसे भरून करावी लागते, व ती साध्या तपासणीहून बरीच महाग पडते. आमचें स्पष्ट मत असें कीं शहरांच्या दोन-चार कोसांतील ज्या गटांस मोठी सडक लागते त्यांच्या मृदा पत्रिकेंत शिसें आणि कॅडमियम हे दोन रकाने सरकारनें आपल्या खर्चानें वाढवावे. सर्व देशाच्या सर्व मातीसाठीं कोणी मागत नाहीं. गटांचे नकाशे तलाठ्याजवळ आहेत, सडका त्यांवर आंखलेल्या आहेत. यादी करणें हें एका कारकुनाचें आठवड्याचें काम आहे, आणि आम्ही तें मोबदल्यावांचून करून देण्यास तयार आहों.

गाळाची गोष्ट ह्याहून सोपी आहे. शहरच्या कचऱ्याचें खत विकावयाचें झाल्यास 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार त्याच्या किलोंत शिसें 100, कॅडमियम 5, तांबें 300 व जस्त 1000 मिलिग्रॅमच्या आंत असावें लागतें. तोच पदार्थ गटाराचा गाळ म्हणून फुकट दिला तर त्यास हें माप लागत नाहीं, कारण तो खत म्हणून विकलेला नसतो. विकत दिलेल्यास नियम आणि फुकट दिलेल्यास मोकळीक, हा न्याय आम्हांस उलटा वाटतो. नगरपालिकांनीं गाळ तपासल्यावांचून शेतांत जाऊं देऊं नये. आणि त्या तसें करीपर्यंत आपण तो घेऊं नये. तळ्याचा गाळ खुशाल घ्यावा, मात्र त्या तळ्यांत शहराचें गटार उतरत नाहीं एवढें पाहावें.

आणि सडकेवर धान्य वाळविण्याची रीत. हिवाळ्याच्या तोंडीं कोणत्याहि हमरस्त्यानें जावें, अर्धी सडक मक्यानें व सोयाबीननें झांकलेली दिसेल. कोठें कोठें तर गाड्यांच्या चाकांखालीं मळणीहि होते. शहरचे लोक ह्यास गांवढळपणा म्हणतात. आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं प्रत्येक गांवास खळवाडी असे. तिच्यावर कोणी गोठा घातला, कोणी दुकान, कोणी देवळाचा सभामंडप. अतिक्रमणाच्या नोंदवहींत त्यांच्या नोंदी आम्हींच केल्या व त्या नोंदीच राहिल्या. खळें गेल्यावर शेतकऱ्यानें धान्य पसरावें कोठें? डांबरी सडक तापते, सपाट असते व फुकट असते. पण ज्या पृष्ठावर टायर व ब्रेक झिजतात त्याच पृष्ठावर आपण घरचें वर्षाचें धान्य लोळवितों, आणि खालचा थर झाडून भरतांना झाडूबरोबर सडकहि पोत्यांत भरतों. ताडपत्री अंथरली तरी अर्धें काम होईल; उरलेलें खळें बांधल्यावर.

कडेचें गवत कापून जनावरांस घालणें हेंहि उन्हाळ्यांत फार चालतें. जनावर गवताबरोबर धूळ व माती गिळतें. तेथें एवढेंच म्हणावयाचें कीं डांबराच्या कडेच्या पहिल्या दहा पावलांतील गवत सोडावें. सडक रुंद करतांना जुने वड व चिंचा तोडल्या, त्यांच्या जागीं बांधालगत दाट पानांची कुंपणें लावलीं तर धूळ बरीचशी तेथेंच अडते. कण्हेर ह्या कामीं चांगली. तिला जनावर तोंड लावीत नाहीं. मात्र तिचा पाला वैरणींत कधींहि मिसळूं देऊं नये. बाजारांतून आणलेली पालेभाजी दोन-तीन पाण्यांनीं खळबळून धुतल्यास धुळीचें शिसें बरेंच जातें, आंत गेलेलें कॅडमियम जात नाहीं. हें आपण घरांत सांगावें, गिऱ्हाइकासहि सांगावें.

आमच्या पांच गुंठ्यांत आम्ही आतां झेंडू लावितों. गाळ काढून टाकणें शक्य नव्हतें. तो नांगरांत मिसळून गेला. झेंडूस मेथीइतका पैसा नाहीं, आणि पाऊस लांबला तर फूल सडतें, पण दसऱ्यास शहरांत मागणी असते. गंमत अशी कीं त्यांतील निम्मीं फुलें माळा होऊन मोटारींच्या व ट्रकांच्याच तोंडावर चढतात.

उरलेल्या खळवाडीच्या सोळा गुंठ्यांची मोजणी होऊन तेथें सामाईक पक्कें खळें व्हावें असा अर्ज गांवच्या एकवीस खातेदारांच्या सह्यांनिशीं आम्हीं गेल्या महिन्यांत कचेरींत दिला आहे. त्याची पोच मिळाली. मोजणीची तारीख अद्याप लागलेली नाहीं.